पंख्याला दिलेला होकार

अर्जुनराव : ...म्हणून आरंभीच सांगतो, योगिनी, म्हणजे रागाच्या भरात मूळ गोष्ट हरवणार नाही. मनुष्य जे बोलला नाही ते त्याच्या मुखी घालणे, हे एक असत्य. तो जे बोलला ते काढून टाकणे, हे दुसरे. पुंजाजींचे म्हणणे असे आहे की तुझ्या चित्रफितीत ही दोन्ही घडली आहेत. ते खरे असेल, तर उद्या ती गावासमोर लावण्याचा अधिकार तुलाही नाही आणि तिच्यात बोलणाऱ्या मलाही नाही.

पुंजाजी : तुमी लय सबुरीनं बोलून राह्यले, अर्जुनराव. मले नाई जमनार तसं. पोरी, थे लाव. मी मान हालवतो थे.

योगिनी : आबा, आधी पाणी तर घ्या. एवढ्या उन्हात दोन जीपा बदलून बुलडाण्याला आलात...

पुंजाजी : पानी पेऊन आलो मी. लाव.

योगिनी : लावते. पण गुरुजी, तुम्ही चित्राखाली दिसणाऱ्या ओळी तपासायला आलात आणि आल्या आल्या न्यायनिवाडा सुरू केलात. मी आबांच्या तोंडी एक शब्दसुद्धा घातलेला नाही.

पुंजाजी : शब्द घातला असता तं बरं होतं! म्हटलं असतं, आवाज माहा नाई. पन मुंडकं माहंच हाय ना. तठीच तं अडकलो.

(कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीतल्या पडद्यावर मुलाखतींची चित्रफीत सुरू होते.)

पडद्यावरचे अर्जुनराव : आमच्या बालपणी भंडाऱ्याला सारा गाव एका पंगतीत बसे. पंगतीत कोणताही भेद मी पाहिला नाही.

पुंजाजी : थांबव! पाह्य. पाह्य कसं डुलून राह्यलं. नंदीबैल बरा याच्यापरीस!

अर्जुनराव : मी विधान करतो आहे आणि तुम्ही त्यास अनुमोदन देत आहात, असे दिसते.

पुंजाजी : 'असे दिसते' काय, अर्जुनराव? जो पाह्यते थो हेच म्हनते, पुंजाजी हो म्हनला!

योगिनी : मला सांगू द्या ना. बोलणाऱ्या माणसाचं बोलणं मधूनच कापलं, की चित्र झटका खातं. डोकं एकदम इकडचं तिकडं उडी मारतं. तो झटका लपवायला मधात दुसरं काहीतरी दाखवतात. कोणाचे हात, नाहीतर ऐकणारा माणूस. गुरुजींना मधात खोकला आला होता. तो मी कापला आणि त्या जागी आबांची मान ठेवली. सरांनी शिकवलं तसंच केलं.

पुंजाजी : मंग झाड ठेवाचं! बकरी ठेवाची! गावातल्या बकऱ्या सरल्या होत्या का?

योगिनी : दोघांच्या मुलाखती गावातल्या वाचनालयाच्या एकाच खोलीत घेतल्या होत्या. खिडकीचा उजेड सारखा होता. जमून आलं. छान दिसलं.

पुंजाजी : कोनाले?

अर्जुनराव : थांबा, पुंजाजी. योगिनी, ही मान त्यांनी प्रत्यक्षात केव्हा हलवली होती? तू काय विचारले होतेस?

योगिनी : ते मुलाखत सुरू व्हायच्या आधीचं आहे.

अर्जुनराव : काय विचारले होतेस?

योगिनी : पंखा बंद करू का, असं. माइकमध्ये त्याची घरघर येत होती.

पुंजाजी : ऐका! ऐकलं का मास्तर? मी पंख्याले हो म्हटलं, अन् हिनं थे तुमच्या पंगतीले लावलं!

योगिनी : दोन सेकंदांचा शॉट आहे, आबा. कोणाच्या लक्षातही येत नाही.

पुंजाजी : माह्या नातीच्या आला ना! धम्मशीलाच्या. नागपूरले वकिली शिकते थे. तू गावाच्या ग्रुपवर तुकडा टाकला, थो तिनं पाह्यला. लगेच फोन. म्हने, 'आबा, लहानपनापासून मले जे सांगतलं थे खोटं होतं, का कॅमेरा पाहून भ्याले तुमी?' म्हटलं बाई, मी असं बोललोच नाई. तं म्हने, 'मान तुमचीच हाय ना?' अन् ठेवला फोन. तवापासून उचलत नाई. आईसोबत बोलते, भावासोबत बोलते, माहं नाव घेतलं का चूप.

योगिनी : मी तिच्याशी बोलू का?

पुंजाजी : तू काय सांगशीन तिले? झटका लपवला म्हनून? जिंदगीभर मी त्या लेकराले सांगतलं, कोनाच्या भेवानं मान हालवू नोको. अन् तिनं मलेच मान हालवतानी पाह्यलं.

अर्जुनराव : पण पुंजाजी, पंगतीचा हाच प्रश्न हिने तुम्हालाही विचारला असेलच.

पुंजाजी : विचारला ना! अन् मी सांगतलं. सारं सांगतलं. धा वर्साचा असतानी जे झालं थे माह्या मुलालेही मी इतकं फोड करून सांगतलं नवतं. कोठी हाय थे? ह्या फिलिममंदी तं माहं वावराच्या धुऱ्यावरचं बोलनं हाय, एस्टीच्या नोकरीचं हाय, नातवंडाचं कौतुक हाय. थे कोठी गेलं?

योगिनी : ते... पंखा बंद केल्यावर शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. त्या सगळ्या उत्तरावर गिरणीचा आवाज आहे. मी खूप धुतला, तरी निघाला नाही. आवाज वापरण्यासारखा नव्हता. आणि चित्रफीत दहा मिनिटांच्या वर गेली तर परीक्षक गुण कापतात.

पुंजाजी : म्हंजे माहा आवाज खराब अन् मुंडकं चांगलं. तुमाले मानूस पाह्यजे नवता, पोरी. होयबा पाह्यजे होता.

योगिनी : असं नका म्हणू हो आबा.

अर्जुनराव : मला दुसरे विचारायचे आहे. खोकला गेल्यानंतर मी आणखी एक वाक्य बोललो होतो. मला स्पष्ट स्मरते. ते इथे ऐकू आले नाही.

योगिनी : ते सैल वाटलं, गुरुजी. तुमचं आधीचं वाक्य इतकं घट्ट होतं, की त्यावरच संपवावंसं वाटलं.

अर्जुनराव : मूळ चित्रण आहे?

योगिनी : आहे. हे घ्या.

पडद्यावरचे अर्जुनराव : ...कोणताही भेद मी पाहिला नाही. (खोकून) अर्थात, हे मी जिथे बसलो तिथून दिसलेले. पुंजाजींना विचारा. त्यांचे सांगणे निराळे असू शकेल.

अर्जुनराव : बंद कर.

योगिनी : गुरुजी...

अर्जुनराव : बंद कर म्हणतो! हे तू सैल म्हणून काढलेस? साऱ्या बोलण्यात तेवढेच एक वाक्य जबाबदारीचे होते! मी म्हटले, पुंजाजींना विचारा. तू माझी शंका कापलीस आणि तिच्या जागी त्यांची साक्ष ठेवलीस. पंख्याची साक्ष! इतकी वर्षे मी मुलांना शिकवले, पण अर्थाचा असा घात करणारी विद्यार्थिनी मला भेटली नव्हती.

योगिनी : मला काय माहीत होतं...

पुंजाजी : तिच्यावर काय डोळे वटारता, अर्जुनराव? इकडं पाहा. माह्याकडं. 'पुंजाजींना विचारा.' वा! पोरीले सांगतलं विचाराले. तू काऊन नाई विचारलं, अर्जुना?

अर्जुनराव : पुंजाजी...

पुंजाजी : नाई, आता ऐक. एका वर्गात होतो आपन. एका गावात म्हातारे झालो. तुह्या लेकीच्या लग्नाचं वऱ्हाड माह्याच एस्टीनं डोणगावले गेलं. रोज संध्याकायी पारावर बसतो, पाऊसपान्याचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो. एक दिवस तरी म्हटलं का, पुंजा, तू कोठी बसत होता रे जेवाले?

अर्जुनराव : नाही विचारले.

पुंजाजी : काऊन?

अर्जुनराव : तुम्ही उत्तर दिले असते, म्हणून.

पुंजाजी : ...हे खरं बोलला.

योगिनी : मग मलाच काय धारेवर धरलंय दोघांनी? तुम्ही दोघं रोज पारावर बसता आणि तुम्हाला जे जन्मात विचारता आलं नाही, ते मी विचारलं! मी! कॅमेरा भाड्याचा, माइक मैत्रिणीचा, एडिटिंग तर मी गेल्याच वर्षी शिकायला लागले. झटका दिसला तर सर म्हणतात, कच्चं काम. झटका लपवला तर तुम्ही म्हणता, खोटं काम. करू तरी काय मी?

पुंजाजी : विचारलं, हाव. तूच विचारलं. म्हनून तं तुह्यासमोर तोंड उघडलं. मंग विचारून कापाचं कायले, पोरी? नसतं विचारलं तं मी माह्या घरी सुखात होतो. लाव थे. खराब आवाजाचं. या मास्तरासमोर लाव.

योगिनी : गिरणी फार आहे, आबा.

पुंजाजी : राहू दे. आमच्या गावचीच गिरनी हाय थे. लाव.

पडद्यावरचे पुंजाजी : ...भंडाऱ्याचं सारं सरपन माह्या मायनं वाह्यलं. तानाबाईनं. मंडपात पंगती उठल्या, मंग आमाले बलावलं. नाल्याच्या पल्याड. पत्रावया आपल्या घरून आनाच्या. शालिग्राम पाटील वाढाले आले. शिवू नाई म्हनून पळी वरूनच सोडत होते. पळीतलं ऊन वरन माह्या हातावर सांडलं. मी बोंबललो. तं थे मायले म्हनाले, पोराले नीट बसव. माय काई बोलली नाई. उठली. भरल्या पत्रावया तठीच ठेवल्या अन् माहं मनगट धरून घरी घेऊन आली. भंडारा हाय म्हनून त्या दिवशी घरी चूलच पेटली नवती.

योगिनी : इथे संपतं.

अर्जुनराव : शालिग्राम पाटील. माझे थोरले काका.

पुंजाजी : हाव. मंग कोन?

योगिनी : गुरुजी, नावाचा तेवढा आवाज बंद करता येतो. ओठ हलताना दिसतील, नाव ऐकू येणार नाही. उद्या काकांची नातवंडं पहिल्या रांगेत बसलेली असतील. तुम्हा दोघांचा सत्कारच त्यांच्या हातून आहे.

अर्जुनराव : पुंजाजी, तुमची इच्छा काय?

पुंजाजी : मले नोका विचारू. मी सांगाचं थे सांगतलं. आता तुमची पाळी.

अर्जुनराव : काकांनी मला अमरकोश पाठ करवला. त्यांच्या मांडीवर बसून मी जेवलो आहे. त्या दिवशीही कदाचित... नाही. योगिनी, नाव राहू दे.

पुंजाजी : घरात भांडन होईन तुमच्या.

अर्जुनराव : होऊ द्या. त्या भांडणाची जागा माझे घर हीच आहे. तुमचे नव्हे.

योगिनी : मग असं केलं तर? गुरुजी बोलतात. खोकला येतो, तो तसाच ठेवायचा. मग 'पुंजाजींना विचारा'. आणि तिथून सरळ आबांचं उत्तर, गिरणीसकट. मधात झाड नाही, मान नाही, काहीच नाही. झटका दिसेल. दिसू द्या.

अर्जुनराव : आणि गुण?

योगिनी : नोकरीचं, धुऱ्याचं बोलणं काढून दहा मिनिटांत बसवते. तरी गेले तर गेले. सरांशी मी भांडते. पण गिरणीमुळे शब्द कळायला हवेत. गुरुजी, खालच्या ओळी तुम्ही सांगा, मी टाइप करते.

अर्जुनराव : लिही. 'वाढप्याने स्पर्श टाळण्यासाठी उंचावरून...'

पुंजाजी : ओ मास्तर! थे कोन बोललं? मी तं नाई बोललो. माहं बोलनं मी बोललो तसंच लिहा. 'शिवू नाई म्हनून.'

अर्जुनराव : क्षमा करा. योगिनी, लिही. 'शिवू नाई म्हनून पळी वरूनच सोडत होते.' हं. आता पुढचे.

योगिनी : आबा, ग्रुपवरचा तो तुकडा मी आत्ता काढून टाकते.

पुंजाजी : काढून काय होते? ज्यानं पाहाचा त्यानं पाह्यला. काढशीन तं लोक म्हनतीन, पुंजाजी बुलडान्याले जाऊन दम देऊन आला. राहू दे थे. खाली लिह्य.

योगिनी : काय लिहू?

पुंजाजी : जे झालं थे. का ह्या मानसानं मान पंख्याले हालवली होती.

योगिनी : सगळं गाव हसेल मला.

पुंजाजी : माह्यावर हसून राह्यलंच हाय ना. अर्धं तू घे.

योगिनी : ...लिहिते. 'पुंजाजी आबांनी मान डोलावली ती पंखा बंद करायला. ती गुरुजींच्या बोलण्याला मीच जोडली. त्यांचं खरं उत्तर उद्याच्या कार्यक्रमात ऐका. संपादन, योगिनी.' पाठवू?

पुंजाजी : मले वाचता येते. दाखव इकडं. हं. पाठव.

योगिनी : गेलं. आबा, अजून रागावलात माझ्यावर?

पुंजाजी : हाव. चहानं उतरून जाईन असा राग नाई हा. तुह्यावर थोडा. या मास्तरावर लय. ज्याच्यावर सगळ्यात जास्त हाय, थो कवाचाच मरून गेला. निघतो मी. शेवटची जीप चुकली का धाडच्या फाट्यावर बसा लागते.

अर्जुनराव : ओळी पुऱ्या करायला मी आज इथेच मुक्काम करतो; जीपपर्यंत येऊ का तुमच्याबरोबर?

पुंजाजी : आज नाई, अर्जुना. आज एकटाच जातो. तू उद्या ये. अन् समोर बस, मांग नोको बसू.

अर्जुनराव : समोर बसेन. सावकाश जा, पुंजाजी. तुमची नात तुमच्याशी पुन्हा बोलो. या मुलीच्या हातांना यश येवो. आणि उद्या जे ऐकायला बसतील, त्या सर्वांना शेवटपर्यंत ऐकण्याचे बळ मिळो.