डुकराचा रुपया अन् एकतीस गाठी

लिहा जी, माहं नाव विमल, माहेर अंजनगाव सुर्जीचं, अन् आमचा धंदा दागिने गाठवायचा, पटवी म्हणतात आमाले. सोनार दागिना घडवते अन् मोकळा होते, पण तो दागिना गळ्यात बसवते कोण, त आमी. गरसोळी, म्हणजे मंगळसूत्र, असो, पोत असो, पुतळ्यायची माळ असो, दोऱ्यात ववायची अन् गाठ अशी मारायची का लेकरानं गळ्याले लोंबकळून झोका घेतला तरी सुटली नाई पायजे. माहा बाप बाजाराच्या दिवशी गोणपाट टाकून बसे, अन् मी त्याच्या बाजूले. शाळेत घातलं होतं मले, नाई असं नाई, पण बाजाराच्या दिवशी मी शाळेत नसोच, अन् बाकीच्या दिवशी गेली तरी ध्यान बाजारातच राहे.

तवा मेळघाटातून कोरकू बाया उतरत बाजाराले, अन् त्यायच्या गळ्यात रुपयायच्या माळा. इंग्रजायच्या वेळचे चांदीचे रुपये, प्रत्येकाले वर कडी झाळून, म्हणजे डाग देऊन, लावलेली, अन् दोऱ्यात ववलेले. रुपया मरत नाई जी, पण दोरा दोन-चार वर्षात घामानं कुजते, मंग त्या बाया माळ घेऊन आमच्याकडं. बाप दोरा कापे अन् सगळे रुपये माह्यापुढं सांडून दे, म्हणे लाव. मी लावो. राणीचे इकडं, टकल्याचे तिकडं, दाढीवाल्याचे मधात, अन् सफाचट राजाचे शेवटी. नावं मले आजही येत नाईत त्यायची, पण इंग्रजायचे चारही धनी मी दुरून ओळखतो. सफाचट राजाची चांदी हलकी, बाप म्हणे लढाईच्या दिवसात सरकारनंच भेसळ केली, सरकारनं केली का ते नाणं अन् आपण केली का जेल.

खोटे रुपये तवाही येत, तुमाले वाटते आताच निघाले का? बापानं शिकवलं का पहिले तोंड पाहूच नको, तोंड कोणीही चांगलं करते, पहिले किनार पाह्य. खऱ्याच्या किनारीले बारीक रेघा असतात, नख फिरवलं का करकर करते. साच्यात ओतलेल्या खोट्याची किनार वापरलेल्या साबणावानी गुळगुळीत, अन् अंगावर बारीक बारीक छिद्रं, भाकरीले पडतात तशी. हे मी दहा वर्षाची असताना शिकली, अन् आता लोकं मोबाइलवर शिकून राहिले.

एकदा बापानं माह्या हातात दाढीवाल्या राजाचा रुपया देला अन् म्हणे याच्या छातीवर काय हाय सांग. राजाच्या अंगावर साखळी असते, अन् त्या साखळीत उलीसा हत्ती असते, एवढुसा, तिळाएवढा. मी म्हटलं डुक्कर हाय बाबा. बाप असा हसला! म्हणे शाबास, या राजाचे रुपये ज्या साली सुरू झाले त्या पहिल्या सालचा, एकोणीसशे अकरा सालचा रुपया हाय हा, कारागिरानं हत्तीची सोंड आखूड केली अन् हत्तीचं डुक्कर झालं. लोकायनं म्हणे हातात घ्यायले नाई म्हटलं, सरकारनं बोंब ऐकून रुपये वापस बोलावले, बरेचसे गाळून टाकले, अन् दुसऱ्या साली, बारा सालापासून, हत्ती नीट करून काढला. पण जे रुपये पहाडात बायायच्या गळ्यात जाऊन बसले ते कोण वापस आणते? तो रुपया आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या, सोमतीबाईच्या, सासूचा होता, चिखलदऱ्याकडच्या खेड्यातली बुढी, माळीत बरोबर मधात ववलेला. हे ध्यानात ठेवजा, पुढची सारी गोठ त्याच्यावर हाय.

आणखी एक सांगतो मंग पुढं जातो. आमच्यात रिवाज हाय, गिऱ्हाइकाची माळ सोडली का त्याच्यासमोर रुपये मोजायचे, अन् एका सुताच्या दोऱ्याले जितके रुपये तितक्या गाठी मारायच्या, तो दोरा गिऱ्हाइकाजवळ. माळ न्यायले आली का बाई एक एक गाठ बोटाखालून सोडते अन् एक एक रुपया पाहते. लिहिता येत नाई तिले, मलेही कुठी येते, पण गाठ खोटं बोलत नाई. बाप म्हणे, गाठवणाऱ्याची इज्जत याच दोऱ्यात हाय.

मंग लग्न झालं, अकोल्यात आली. मालक जिनिंगमदी हमाल होते, आता घरी बसून टीव्हीवरच्या पुढाऱ्यायशी भांडतात. मी सराफ्याच्या गल्लीत एका ओट्यावर बसतो, तीस वर्षं झाली. सराफ मले मणी देतात, वाट्या देतात, मी गरसोळ्या ववून देतो. सोमतीबाई माह्या बापाच्या वेळेपासूनची, सासू गेली, माळ तिच्या गळ्यात आली, ती एसटीनं माह्याकडंच ये. म्हणे अंजनगावात काय गाठवणारे नाईत? हायेत, पण हात तुह्या बापाचा तुह्यातच हाय.

त गेल्या साली ती माळ घेऊन आली. रुपये काये ठिक्कर पडले होते. मी मोजले, एकतीस, एकतीस गाठी मारल्या, दोरा तिच्या हातात देला. डुक्कर मधात होतं, मी ओळखलं, जुना सोबती भेटल्यावानी वाटलं. मंग मी तेच केलं जे नेहमी करतो. चिंच अन् राख लावून सारे घासून पांढरेशुभ्र केले. नाई घासले त बाया म्हणतात पैसे कायचे घेतले. अन् तिथंच माही माती झाली.

माळ न्यायले सोमतीबाई नाई आली, तिचा पोरगा आला, आश्रमशाळेत मास्तर हाय. चांगला पोट्टा, मले मावशी म्हणे. गाठी मोजल्या, एकतीस. रुपये मोजले, एकतीस. चहा पेला अन् गेला. पण त्यानं मोबाइलवर पाहिलं होतं का जुन्या नाण्यायचे लाखो भेटतात, अन् मायनं त्याले सांगितलेलं का मधला रुपया लय मोलाचा हाय. तो सरळ गेला जठारपेठेत, तिथं एकानं जुन्या नाण्यायचं दुकान टाकलं होतं, नवंच, काचेच्या पेट्या, ठंडी हवा. त्या दुकानदारानं माळीतला मधला रुपया सोडला, काचेवर टाकला, बद्द वाजला. भिंग लावलं, म्हणे याच्यात हत्ती कुठी हाय, हे त काहीतरी डुक्करावानी दिसून राहिलं, साचा बिघडलेला हाय, हा ओतीव रुपया हाय. अन् आपल्या पेटीतला अकरा सालचाच रुपया काढून दाखवला, हा पाहा अस्सल, कसा सोंडेसकट हत्ती हाय. म्हणे तुमचा कोणीतरी बदलला. हे सारं मले मांगून समजलं.

मास्तर वापस आला. भर दुपारी, सगळी गल्ली चालू. त्यानं आवाज नाई वाढवला जी, शिव्या नाई देल्या, फक्त एवढंच म्हणला, बाई, आमचा काया होता, तुमी पांढरा देला, अन् हा खोटा हाय. मावशीची बाई झाली मी. मी म्हटलं दाखव मले, त्यानं हातही लावू देला नाई. म्हणे पुढच्या इतवारी अमरावतीले नाण्यायचं प्रदर्शन हाय, मोठेमोठे जाणकार येतात, तिथं दाखवतो, मंग ठाण्यात जातो.

काय सांगू तुमाले. दुसऱ्या दिवशी ज्या सराफाचे मणी मी वीस वर्षं न तोलता मुठीनं नेले, त्यानं काट्यावर टाकले. जे म्हणायचं ते काटाच बोलला. मी मणी घेतले अन् ओट्यावर येऊन बसली, पण सुई दिसेना. तीस वर्षं अन् त्याच्याआंधी बापाची चाळीस, सारी त्या काट्यात पडली असं वाटलं मले. मालक म्हणत अमरावतीले जाऊ नको, शिकलेल्या लोकायत तुहं कोण ऐकते. मी म्हटलं ऐकतील नाई त पाहतील तरी.

गेली. इतवारी सकाळची एसटी, धुतलेलं लुगडं, पिशवीत भाकर अन् ठेचा. हॉलमदी टेबलंच टेबलं, अन् लोकं भिंगं लावून वाकलेले, जसे काही उवा पाहून राहिले. मास्तर होता, सोमतीबाई एका कोपऱ्यात खुर्चीवर, माह्याकडं पाहिलं अन् मान खाली घातली. जठारपेठवाल्याचं तिथं दुकान मांडलेलं, अन् त्याच्या पेटीत तोच अकरा सालचा रुपया मखमलीवर, नवरदेवावानी. मधात एक बुढे काका होते, पांढऱ्या मिशा, सारे त्याईले वाट देत, पन्नास वर्षं नाणे जमवून राहिले म्हणे.

दुकानदारानं दोन्ही रुपये काकाईपुढं ठेवले अन् सुरू झाला. पाहा काका, सालं दोन्हीवर एकच, पण माह्यात सोंड हाय, पाय हायेत, कान हाय, अन् याच्यात चक्क डुक्कर, आवाजही बद्द, अन् घासून चकचकीत केलेला, म्हणजे काल ओतला अन् आज पॉलिश मारली.

मले हसूच आलं जी! आठ दिवस घास गोड लागला नव्हता, अन् तिथं भर सभेत मले हसू आलं. सारे पाहू लागले. मी म्हटलं, बाबू, डुक्कर हाय म्हणूनच तो खरा हाय! अकरा सालच्या रुपयात हत्ती नीट असतेच कुठी, हत्ती सुधरला बारा साली. तुहा रुपया बाराचा हाय, कोणीतरी दोनाचा एक केला अन् तुह्या गळ्यात मारला. तू साल पाहिलं, हत्ती नाई पाहिला.

काकाईनं चष्मा काढला, भिंग घेतलं, पहिले आमचा पाहिला, मंग पेटीतला पाहिला, मंग पुन्हा आमचा. नखानं पेटीतल्या रुपयाचं साल चाचपलं. म्हणे, बाई बरोबर सांगून राहिल्या, इथी आकड्याजवळ खरवडलेलं हाय, नाणं सरकारी हाय पण साल बनावट हाय. अन् हा डुकराचा अस्सल हाय, लाख टक्के.

दुकानदार म्हणे मंग वाजत काहून नाई? मी म्हटलं थांब. सोमतीबाईजवळची माळ मागितली, तिनं स्वतःच्या हातानं देली. मी गाठ सोडली अन् बाकीचे तीस रुपये एक एक करून टेबलावर टाकले. बद्द. बद्द. बद्द. तीसही बद्द. म्हटलं कडी झाळलेला रुपया वाजतच नाई बाबू, नाक धरून माणूस बोलते तसा बोलते. का तीसही मीच बदलले? लोकं हसले. कोणीतरी टाळी वाजवली, मंग साऱ्यायनंच वाजवल्या. खोटं कायले बोलू, मले लय बरं वाटलं. बाप पायजे होता तिथं, गोणपाटावर बसणारा माहा बाप.

पण ऐका, माहीही चूक सांगतो. टाळ्या झाल्यावर काकाईनं मले हळूच म्हटलं, बाई, तुमी त्याले चिंचेनं घासून घासून अर्धं मोल पाण्यात घातलं, जमवणाऱ्याले त्याच्यावरची ती काजळीच पायजे असते. मले झोंबलं. तीस वर्षं मी ज्याले सफाई समजली तो नुकसान होता. अन् काया रुपया तसाच ठेवला असता त मास्तराले शंका आली नसती. तवापासून मी गिऱ्हाइकाले विचारतो, घासू का ठेवू.

मास्तर पाया पडला. मावशी, चुकलो, म्हणे. मी म्हटलं पाया इथी नको पडू, जिथं माही इज्जत घालवली तिथं वापस आणून दे. अन् पोट्टा सच्चा निघाला, दुसऱ्या दिवशी अकोल्यात सराफ्याच्या गल्लीत आला, एक एक दुकान चढला अन् साऱ्यायले सांगितलं. त्या काट्यावाल्या सराफानं मले मणी मुठीनं देले. मीच म्हटलं, नाई शेठ, आता काटा करा. वरमला बिचारा, पण करायले लावलाच मी.

अन् तो जठारपेठवाला? त्यालेही कोणीतरी फसवलं होतं, बदमाश नव्हता तो, फक्त काचेच्या पेटीवर लय भरोसा. महिन्याभरानं माह्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणे मावशी, माल आला हाय, लावून द्याल का. आता मंगळवारी मी तिथं जातो. ठंड्या हवेत खुर्चीवर बसून राण्या, टकले, दाढीवाले वेगळे करतो, अन् खोटा सापडला का त्याच्याकडं सरकवतो. त्यानं तोंड पहिले पाहिलं का मी ओरडतो, किनार पाह्य रे, किनार!

सोमतीबाईले त्या दिवशी हॉलमदीच तिघायनं विचारलं होतं डुक्कर विकता का. तिनं रुपया मुठीत धरला अन् म्हणे, हा सासूच्या गळ्यातला हाय, माह्यानंतर सुनेचा, तुमी दुसरं पाहा. मास्तराचं तोंड पडलं.

परवा आली होती ती. त्या दिवशी हॉलमदी भेटला त्या कच्च्या दोऱ्यात माळ ववली होती, तो तुटायले आला होता. मी माळ सोडली, रुपये सांडले, डुक्कर मधात, पुन्हा काजळी धरू लागलेलं, छान. सवयीनं मी सूत घेतलं अन् पहिली गाठ मारायले लागली. सोमतीबाईनं माहा हात धरला. म्हणे, गाठी नको मारू विमल. मी म्हटलं अवं, रिवाज हाय, बापाच्या वेळपासूनचा. ती म्हणे, असन. अन् उठली, रुपये माह्या ओट्यावर तसेच उघडे टाकून, म्हणे नातीले चपला घ्यायच्या हायेत, संध्याकाळी येतो, अन् मांगं न पाहता बाजारात चालली गेली.