श्रावणातला कापूस

घनसावंगीच्या स्टँडवर अंबडच्या गाडीसाठी रांग लागली होती. रखमाजी अंबडच्या वाचनालयात नुकतेच कारकून झालेले. इथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पुढच्या दोघांचं बोलणं कानावर पडलं आणि त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"पुंजाराम, फडक्यात काय बांधलंस?"

"कादंबरी हाय, पाटील. वाचनालयात बदलायला चाललो."

"तुला कधीपासून वाचता यायला लागलं?"

"मला न्हाई. आमची लेक बेबीनंदा वाचती. विहाराच्या ओट्यावर गल्लीतल्या सगळ्या बाया ऐकायला बसतेत."

"कशी हाय मंग?"

"बिलकुल भिकार! लिव्हणाऱ्यानं श्रावणात कापूस वेचायला लावला."

"श्रावणात? तवा तर नुसती पातीफुलं असतेत."

"त्येच तर! बाया हसून हसून लोळल्या. बेबीनंदानं मंग तिथंच बाजूला लिव्हलं, 'कापूस दिवाळीला फुटतो. लेखकानं एकदा वेचायला यावं.' खाली सहीबी केली."

"वाचनालयाच्या पुस्तकात? अरे, तिथला नवा कारकून लई कडक हाय म्हणतेत. रजिस्टरातून नाव काटंल तुमचं."

रखमाजींनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडापुढं धरलं.

पुंजारामनं फडकं सोडलं, खुणेचं पान उघडलं आणि सहीवर बोट ठेवलं.

"हे बघा. आधी ती, मागून मी. बेबीनंदा पुंजाराम. रजिस्टरातून खुशाल काटू द्या, पाटील. इथून कसं काटंल? शाईनं लिव्हलंय."