तेलाच्या वाळूवरची रेघ

अहो, तो चेंडू खाली ठेवा आधी. नाही, विकायचा नाही तो — बिलं उडू नयेत म्हणून ठेवलाय, पंखा बघताय ना डोक्यावर कसा घोंघावतो. तुम्ही बूट बघा. आठ नंबर म्हणालात ना? आहे, तो काय वरच्या फळीवर खोका. काढतो, काढतो — पण चहा येतोय, बसा. पुण्याचे ना तुम्ही, चहाला आधी नाही म्हणायची सवय. इथं दोह्यात, पोपटशेटच्या दुकानात, ते चालत नाही. या दुकानातून माणूस नाराज होऊन गेला असं आजवर झालेलं नाही, विजयराव. एक अरब यायचा, रोज गालिचे उलगडून बघायचा आणि काही न घेता जायचा. दोन हिवाळे उलगडून दाखवले मी. तिसऱ्या हिवाळ्यात मुलीचं लग्न निघालं, आणि सगळं घर त्यानं इथून भरलं. सांगायचं काय, तर माणूस नाराज करायचा नाही.

तर तुमचं दुखणं कळलं मला. तेलाचा भाव बसलाय, तुमच्या ऑफिसात माणसं कमी करतायत, आणि नव्या साहेबानं तुम्हाला शुक्रवारी बेटावर गोल्फ खेळायला बोलावलंय. तुम्हाला वाटतंय ही परीक्षा आहे. आहेच की! बॅट सोडून कधी काही हातात धरलं नाहीत, हेही तोंडावर दिसतंय. काळजी नको. पास व्हायचं कसं ते मला विचारा — हरायचं. पण कसंही नाही हं. पार धूळ खाल्लीत तर साहेबाला कंटाळा येतो. अगदी थोडक्यात हरायचं, असं, की परतीच्या लाँचमध्ये साहेबाला वाटलं पाहिजे, आज पोरानं घाम काढला. साडी विकताना बाईला वाटलं पाहिजे ना, की शेटला मी लुटलं? तेच हे.

मी कधी खेळलोय? एकदा. एकदाच, त्याच बेटावर. हसू नका, चहा सांडेल.

सत्त्याहत्तर साल असेल. हा समोरचा रस्ता तेव्हा धड रस्ता नव्हता. एक गोरा साहेब आला दुकानात — स्कॉटलंडचा, तांबडालाल, उकडलेल्या कुर्लीसारखा — आणि म्हणतो, एक फूट गवत पाहिजे. म्हटलं, साहेब, पूर्ण देशात नाही तेवढं. तर त्यानं बोट दाखवलं, तिथं प्लॅस्टिकच्या हिरवळीचा गठ्ठा पडला होता, जपानी माल, मी पायपुसण्यासाठी आणलेला. फूटभर कापून दिला. चेंडू त्याच्यावर ठेवून मारतात म्हणे, कारण वाळूत ठेवला तर रुततो. म्हणजे प्रत्येकानं आपापली हिरवळ काखेत मारून हिंडायचं! दुसऱ्या दिवशी पाहतो तर दारात साहेबांची रांग, सगळ्यांना फूट-फूट गवत. गठ्ठा खलास. मी मनात म्हटलं, पोपटराव, ह्या माणसाला धरून राहा.

आता हा साहेब कोण, तर बेटावरच्या सगळ्या सामानाची खरेदी त्याच्या हातात. तेल कंपनीचं बेट, नाव घेत नाही, भिंतीला कान असतात, आणि माझ्या भिंती तर पत्र्याच्याच आहेत. शंभर-दीडशे माणूस तिथं राहायचा — त्यांच्या चादरी, टॉवेल, उशा, साबण, सगळं नव्यानं घ्यायचं होतं आणि चार दुकानदार टपून बसले होते. मी पाचवा. सगळ्यांत लहान. तर साहेब एक दिवस म्हणाला, पोपट, शुक्रवारी बेटावर ये, खेळू. म्हटलं, इन्शाल्ला. रात्रभर झोप नाही — एवढ्या मोठमोठ्या शेटजींना सोडून मला बोलावलं, म्हणजे हा मला पारखणार.

सफारी घातला मी. हो, कडक इस्त्रीचा. लाँचमध्ये असा समुद्र लागला की बेटावर उतरलो तो सफारीचा रंग ओळखू येईना. आणि साहेब मात्र खूश. किनाऱ्यावर उभा राहून हात पसरून म्हणतो, पोपट, माझ्या बापाचं घर असंच एका बेटावर आहे, आणि समुद्राला लागून अस्संच मैदान. कुणी बनवलेलं नाही — वाऱ्यानं वाळूचे उंचवटे केले, मेंढरांनी गवत खाऊन सपाट केलं, माणसानं फक्त भोकं पाडली. त्याला लिंक्स म्हणायचं. बाकी सगळे गोल्फ म्हणजे बायकांच्या बागा, म्हणाला. मी बघतोय — समुद्र आहे, वारा तर कान उपटून नेईल असा, उंचवटे आहेत, मेंढरांच्या जागी मेसच्या आचाऱ्यानं पाळलेली एक बकरी आहे, ती एक पुठ्ठा खातेय. म्हटलं, साहेब, सगळं आहे, पण गवत? तर माझ्या काखेकडं बोट दाखवून म्हणतो, ते तू आणलंयस ना!

ऐका, खेळ कसा ते सांगतो, उपयोगी पडेल. भोकाभोवतीची जागा त्यांच्याकडं म्हणे हिरवीगार, मखमलीसारखी असते. इथं काय करणार? वाळूत काळं तेल कालवून थापलेलं. आपल्याकडं खळं सारवतात ना, अगदी तसं, गुळगुळीत. त्यावरनं चेंडू गेला की रेघ उमटते, टाकानं ओढल्यासारखी. मग त्या रेघा पुसायला एक माणूस. पोत्याला दोरी बांधायची आणि ओढत फिरायचं. तो माणूस निघाला आपला केरबा, साताऱ्याकडचा, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. तोंडाला फडकं बांधून वाळूत बसलेला. मला बघून उडालाच. ‘आवो शेट, तुमी हितं? आन ह्ये काय काखंत, पायपुसनं?’

तर हरत हरत चाललो होतो छान. हरायला फार मेहनत पडत नव्हती म्हणा. मग आलं ते भोक — समुद्राच्या अगदी कडेचं. आपण उंचवट्यावर उभे, मध्ये आणखी एक वाळूचं टेकाड, आणि भोक त्याच्या पलीकडं, खाली. इथून नुसतं निशाणाचं टोक दिसतं. साहेबानं मारला, काठीला वाकडा लागला, गेला सरपटत समुद्राकडं. साहेबानं जे काही म्हटलं ते त्याच्या बापाच्या बेटावरचंच असणार, मला कळलं नाही. मग माझी पाळी. साहेबानं आपल्या पिशवीतला चेंडू दिला, हा — लाल ठिपका बघा, त्याची खूण. काठी दिली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, विजयराव, मला एकदम विटीदांडू आठवला. राजापूरला शाळेमागच्या पडीत आम्ही खेळायचो. चौथीनंतर शाळा सुटली, पण तो टोला मनगटात राहिला होता. वारा असा उजवीकडून, समुद्रावरून येत होता — मी समुद्राकडं तोंड करून उभा राहिलो, साहेब ओरडला, अरे तिकडं नाही, तिकडं! — आणि मारला. आवाज कसा आला सांगू? आलाच नाही. हाताला काही लागलंच नाही. चेंडू समुद्रावर गेला, आणि वाऱ्यानं धरून, हातात घेऊन आणल्यासारखा, असा वळवला… आणि टेकाडाआड गेला.

साहेब आपला चेंडू शोधायला किनाऱ्याकडं, मी सरळ टेकाडावर. वर चढलो, खाली बघितलं. केरबा उभा. पोतं हातातून सुटलेलं. आणि त्या काळ्या सारवणावर एकच रेघ, लांब, शेवटी जराशी वाकलेली, आणि थेट निशाणाच्या बुडाशी. खाली उतरलो. भोकात बघितलं.

हा चेंडू.

मला नियम माहीत नव्हते, पण एवढं कळत होतं की याच्यापेक्षा कमी फटक्यांत काही होऊ शकत नाही. एक. एकच. मागं वळून बघतो तर टेकाडावरून साहेबाची टोपी वर येतेय. आधी टोपी, मग तो तांबडा कपाळाचा भाग… आणि माझ्या डोळ्यांपुढं चादरी आल्या. पांढऱ्या चादरी, गठ्ठेच्या गठ्ठे. ज्याच्याकडून मागायचंय त्याला त्याच्याच बेटावर, त्याच्याच चेंडूनं, त्याच्याच काठीनं असं हाणायचं? वाकलो, चेंडू उचलला, खिशात. आणि केरबाला तळहात असा आडवा फिरवला — पूस. तो बघतच राहिला. ‘शेट, आवो, गेला की सरळ आत!’ म्हटलं, केरबा, तू काही बघितलं नाहीस. ‘न्हाई बघितलं?’ म्हटलं, नाही. ‘बरं. न्हाई बघितलं.’ आणि ओढलं पोतं. मी बघत होतो हो. रेघ मागच्या टोकाकडून पुसत पुसत भोकापर्यंत आली आणि गेली.

साहेब आला, म्हटलं, साहेब, समुद्रात गेला. तो बिचारा म्हणाला, हरकत नाही, पोपट, जमेल, आणि दुसरा चेंडू दिला. पुढच्या चार दिवसांत चादरींची ऑर्डर आली. हे दुकान, ही फळी, हा पंखा, सगळं त्या चादरींवर उभं आहे. बघा, शहाणपण कशाला म्हणतात!

काय? सगळ्यांना पाजावं लागलं असतं म्हणून लपवला? छे! एका फटक्यात भोकात गेला की सगळ्यांना पाजायची रीत आहे त्यांच्यात, हे मला मागाहून कळलं. पाजलं असतं की. लिंबाचं सरबत पाजलं असतं सगळ्या बेटाला, त्या बकरीसकट.

बायकोला सांगितलं मी, घरी आल्याबरोबर. मुक्ताबाई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, मग काढलात कशाला बाहेर, राहू द्यायचा होता. झालं. एवढंच. पुढं मेथी.

आणि मग ब्याऐंशीला साहेब निघाला कायमचा परत. भेटायला आला, याच स्टुलावर बसला, तुम्ही बसलात तिथं. चहा घेता घेता म्हणतो, पोपट, मी पोरवयापासून खेळतोय, माझा बाप मरेपर्यंत खेळला, एका फटक्यात चेंडू भोकात जाणं आम्हाला कधी जमलं नाही. ते जाऊ दे. पण मी कधी बघितलंसुद्धा नाही रे, दुसऱ्या कुणाचं. सगळे सांगतात, आम्ही बघितलं, आम्ही तिथं होतो. मला एकदा नुसतं बघायला मिळालं असतं तरी त्या माणसाला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. असं म्हणाला. आणि हा चेंडू इथं, बिलांवर, त्याच्या कोपराशेजारी, ठिपका खाली करून.

मी म्हटलं, साहेब, तुम्ही मला चादरींचं काम दिलंत, मी विसरणार नाही. तर हसायला लागला. म्हणतो, ते तर तुला त्या शुक्रवारच्या आधीच दिलं होतं, कागद फक्त उशिरा निघाला. तुझे टॉवेल धुऊन बघितले होते, रंग गेला नाही. म्हटलं, मग मला बेटावर नेलंत कशाला? म्हणाला, अरे, मेसमधली मासळी खाऊन सगळे पडले होते आजारी, खेळायला कुणी मिळेना!

सांगायचं होतं हो त्याला. उघडलं तोंड. आणि बाहेर काय पडलं — साहेब, साखर अजून घालू?

दुसऱ्या दिवशी त्याचं विमान वर गेलं आणि मी टॅक्सी करून अल खोरला गेलो, केरबाकडं. तो आता तिथं पाण्याचा टँकर चालवतो. म्हटलं, केरबा, तो चेंडू आठवतो का, बेटावरचा? ‘कंचा?’ अरे, भोकात गेलेला. ‘म्या न्हाई बघितला.’ म्हटलं, अरे, आता बघितला म्हण. ‘आसं कसं म्हनू शेट? शबूद दिलाय.’ कुणाला? ‘तुमालाच की.’ आणि मला जेवायला घातलं, पिठलं-भात, पण म्हणाला नाही. किती आग्रह केला. नाहीच म्हणाला.

त्यामुळं आता मी एकटाच आहे. साहेब गेला, केरबा असून नाही, आणि मुक्ताबाईंची मेथी. बाहेरच्या माणसाला तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही तुम्ही बूट घ्यायला आलात म्हणून, विषय निघाला म्हणून. नाहीतर मी कशाला— तुम्ही जाणार आहात ना तिथं शुक्रवारी? ते समुद्राच्या कडेचं भोक बघा. टेकाडावर उभे राहून खाली बघा नुसतं, तुम्हाला कळेल, वारा कसा आणून सोडतो ते…

काय म्हणालात?

नाही, परत म्हणा. भोकात आधीच कुणाचा तरी पडून राहिला असेल? साहेबाचाच, आदल्या आठवड्यातला? आणि माझा खरंच समुद्रात… अहो, रेघ होती म्हणतोय ना! ताजी, ओली, लांबच्या लांब — हो, पुसली. मीच पुसायला लावली. म्हणून ती नव्हती असं होतं का? तुम्ही इंजिनिअर माणसं, तुम्हाला सगळं कागदावर पाहिजे.

हसलात. नाही, हसा. पोपटशेट गप्पा छान मारतो, सगळ्या दोह्याला माहीत आहे, तुम्हाला ऑफिसात सांगायला झालं काहीतरी.

चहा झाला? कप ठेवा तिथं. बूट? नाहीत आठ नंबर. हो, खोका दिसतोय मलाही, त्यावर आठच लिहिलंय, आतही आठच आहेत. आहेत बूट. तुम्हाला नाहीत. पुढच्या गल्लीत दोन दुकानं आहेत, तिथं बघा. यल्ला, चला, अजान होईल आता, शटर ओढायचंय मला.

आणि विजयराव — चेंडू. चेंडू ठेवा खाली.