लांब दांड्याचा बेंडर

इथे जर्मनीत, कोलोनमध्ये बाई इलेक्ट्रिशियन म्हटल्यावर पुरुष त्रास देतात का, असं विचारता ना? मग माझ्याबरोबर काम करणाऱ्या उवेचं ऐका.

माझी प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे पसंत नाही पडलं तर कधीही काढतील असे सुरुवातीचे महिने. वायरिंगचे स्टीलचे पाइप वाकवायला आमच्याकडे सगळ्यांना आखूड दांड्याचा बेंडर आवडायचा, गाडीत मावतो म्हणून. मी माझा लांब दांड्याचा नेला. माझं वजन कमी. दांडा लांब असला की जोर कमी लागतो.

उवे हसला. "झेंडा लावायला आणलास का?"

त्या दिवशी तळघरात जाड पाइप होते. उवेने आपल्या बेंडरला हिसके दिले, तोंड लाल झालं, आणि पाइप चेपला. दुसराही चेपला. फोरमन माझ्याकडे वळला. "आता तू कर."

मी माझा बेंडर पाइपला लावला. पाय रोवला आणि दांडा सावकाश ओढला. पाइप सुरेख वळला आणि भिंतीला अगदी चिकटून बसला.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" फोरमन ओरडला. "हा सगळा पॅसेज तुझा!"

जेवणानंतर उवे जवळ आला. "तुझा बेंडर जरा देतेस?"

"नाही रे, मला पॅसेज संपवायचाय. तू पाइप धर."

आणि धरला की त्याने, संध्याकाळपर्यंत!