टेकडीवरचा खड्डा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, कामगार समितीचे उत्साही सचिव आणि आपल्या साठवण केंद्रातल्या बंधुभगिनींनो,

सत्कारमूर्तींची खुर्ची रिकामी आहे, हे मलाही दिसतंय. पुष्पगुच्छ खुर्चीवर आणि माणूस गायब! ते येतील. तोवर कुणीही जागचं उठू नये, ही आधीच हात जोडून विनंती.

आज निवृत्त होणाऱ्या आमच्या माळीकाकांनी सबंध नोकरीत एकही झाड लावलं नाही. हसू नका. अणुभट्टीचा कचरा पूर्वी पिंपांत भरून समुद्रात बुडवत. नजरेआड झाला म्हणजे संपला! पण पिंपं गंजली तर तळाशी जाऊन बघणार कोण? म्हणून मग तो जमिनीत, आपल्या टेकडीखाली आला. पिंपांवर करड्या चिकणमातीचं झाकण, त्यावर तांबडी माती आणि गवत. झाकणाला भेग पडली की पावसाचं पाणी आत शिरणार आणि आपल्या विहिरींत उतरणार. भेग पाडायला झाडाचं एक मूळ पुरतं. म्हणून उगवलेलं प्रत्येक रोप उपटायचं, हेच काकांचं बागकाम.

मी नवी होते तेव्हा एकदा म्हणाले, "राहू द्या ना काका, किती गोड दिसतंय."

"वाघाचं पिल्लूही गोडच दिसतं, बाई," काका म्हणाले आणि रोप उपटलं. समोर काकू बसल्यात, त्यांना विचारा. घरात साधी कुंडी ठेवायची चोरी!

मला भीती कशाची वाटते, सांगू? पिंपांची नाही, विसरण्याची. तो कचरा आपल्या पतवंडांनाही पुरून उरणार. तेव्हा खाली काय आहे, हे कोण सांगणार? मला आपलं वाटायचं, विसरायला निदान शंभर वर्षं तरी लागतील.

आता टेबलावरच्या या रोपाविषयी. काकांच्या हातून एक तरी झाड लागावं, ही सचिवभाऊंची प्रेमाची कल्पना. जागा कुठली? टेकडीच, काकांचा जन्म तिथे गेला म्हणून. सकाळी भाऊंनी स्वतः खड्डा खणला, चांगला कमरेइतका. मघाशी ते पुष्पगुच्छ द्यायला पुढे आले आणि काकांची नजर त्यांच्या बुटांवर गेली. काका माझ्या कानाशी वाकले. "ताडपत्री घेऊन जातो. किरणोत्सर्गाच्या मोजणीवाल्यांना बोलाव. आणि बोलत राहा, कुणाला उठू देऊ नकोस." आणि मागच्या दाराने टेकडीकडे निघून गेले. बाहेर आभाळ भरून आलंय, आणि मी घाबरलेय.

भाऊ, रागावू नका, फक्त पाय हलवू नका. तांबडी माती असती तर मी दोन विनोद करून खाली बसले असते. तुमच्या बुटांना लागलीय ती करडी आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. मोजणीवाले दाराशी आलेत, आधी त्यांना वाट द्या.

काकू, तुम्हीसुद्धा बसा. हो, ते एकटेच गेलेत.