डोंगरदेवाची वाळू

याकुशिमा बेटावरच्या जंगलाकडे जाणाऱ्या पहिल्या बसमध्ये शिझुनोआजी बांबूची नळी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. नळीत समुद्राची वाळू होती. मी मागच्या सीटवर होते. बस सुटता सुटता त्यांचे दीर चढले आणि शेजारी येऊन बसले.

“वहिनी, पुढच्या थांब्याला उतरा. डोंगरदेवाला वाळू पुरुषच वाहतात.”

“मग ही घ्या नळी. जा तुम्ही.”

“माझे गुडघे गेलेत.”

“तुमचा मुलगा?”

“तो कागोशिमाला नोकरीला. त्याला सुट्टी मिळत नाही.”

“दोन वर्षं गावातून कुणीच वर गेलं नाही, भावजी. देवानं आणखी किती वाट बघायची?”

“बाई गेली तर डोंगर कोपेल!”

“तरुणपणी याच डोंगरावरून देवदाराच्या फळ्या पाठीवर वाहून आणल्यात मी. तेव्हा नाही कोपला.”

“ते पोटासाठी होतं.”

“हे गावासाठी आहे.”

“वरून आणलेली देवाची फांदी तुमच्या हातून कुणी घेणार नाही.”

“विचारतंय कोण? पूर्वीसारखी प्रत्येक दाराला खोचणार आहे.”

“माझ्या दाराला नको.”

“तुमच्याच दारापासून सुरुवात करणार. हिंमत असेल तर काढून दाखवा.”