शेवंतीच्या फ्राकाचा दाब

आता मले सांगा, शिंप्यानं फ्राकात दाब ठेवला तर तो गुन्हा होते का? अजी, लहान पोट्टीचा फ्राक, खाली आतून कापडाची एक घडी जास्तीची ठेवली, पोट्टी वाढली का टीप उसवली, फ्राक लांब! सारी दुनिया करते. पन आमच्या मेडशीच्या जानराव टेलरले या दाबापायी जो घाम फुटला, बाप्पा... तुमाले सांगतो!

झालं काय, केनवडची लिलाबाई. नवरा मेलेला, तिले सोताले छातीचा आजार, दवाखान्यात भरती. पोट्टी पाच वर्षांची, शेवंती, तिले पाहाले कोनी नाही. तवा सरकारच्या एक बाई आमच्या गावात आल्या, का मायचा आजार बरा होईपर्यंत सहा महिने हे लेकरू कोन ठेवते? दत्तक नाही हं! सांभाळाचं अन् वापस द्याचं. साऱ्या गावानं माना खाली घातल्या. अन् जानरावची भागिरथा उठली ना! नवऱ्याले न इचारता! "आमी ठेवतो." जानरावनंबी मान हालवली. त्यानं गावभरच्या पोट्ट्यांचे फ्राक शिवले, पन त्याच्या घरात फ्राक घालनारं कोनी झालंच नाही.

शेजारचा पुंजाजी म्हने, "जानराव, परक्याचं लेकरू म्हंजे भाड्याची सायकल. कितीबी पुस, सांजच्याले वापस!"

अन् मदत? मदतीले काय कमी होती! बाईंनी दुधाच्या भुकटीचा डबा देला, पोट्टीचं वजन लिहाची वही देली, चार जागी सह्या घेतल्या, अन् एस्टीत पाय ठेवता ठेवता म्हनल्या, "काही अडचण आली तर कळवा हं!"

कळवा! इथं पोट्टी दोन दिवस जेवेना. ताट पुढं ठेवलं का तोंड भिंतीकडं. जानरावनं कार्ड टाकलं. कार्डाचं उत्तर महिन्यानं आलं... आता बाईंले तरी काय म्हनाव, त्या एकल्या अन् गावं चाळीस! तवरीक आमच्या गल्लीतली नानीबाई धावली. म्हातारी म्हने, "येडे हो, तिले घास कायले देता? पीठ द्या!" शेवंतीनं पिठात हात घातला, वाकडीतिकडी भाकर थापली, भागिरथानं ते भाजली, अन् पोट्टीनं सारी खाल्ली. आपल्या हातची होती ना! अन् मंग आलं बाईंचं कार्ड. धीर धरा, मूल रुळेल, अन् खाली... काही अडचण आली तर कळवा.

पाचव्या महिन्यात बाई तपासाले आल्या. वही पाह्यली, वजन वाढलेलं, खूश! अन् जाता जाता दोरीवरचा फ्राक हाती घेतला. घेर उलटा केला. एक घडी. दोन घड्या. तीन!

"जानराव, मूल सहा महिन्यांसाठी दिलंय. मग हे तीन वर्षांचं कापड आत कशाला?"

जानराव म्हने, "बाई, मी साऱ्याच फ्राकांत ठेवतो." दुकानातले फ्राक आनून दाखवले. झालं, तिथंच फसला! लोकायच्या फ्राकाले एक घडी, शेवंतीच्याले तीन.

"परत द्यायला जमणार नसेल, तर मुलीला आजच दुसरीकडे हलवावं लागेल."

भागिरथाचा हात पिठातच राह्यला. जानराव एवढंच म्हनला, "देतो, बाई. माय आली का देतो." बाईंनी त्याच्याकडं पाह्यलं, अन् फ्राक दोरीवर टाकून हळूच म्हनल्या, "काही अडचण आली तर... कळवा."

अन् लिलाबाई आली! आपल्या पायानं, एस्टीतून उतरून. शेवंती शिलाई मशीनमागं लपली, येईना. माय खाली बसली, पोट्टीचा फ्राक हाती लागला, तिनंबी घेर उलटा केला. बायामानसांचे हात, त्यांले दाब लगेच समजते. म्हने, "भाऊ... मी वापस येत नाही, असं धरून चालले होते का तुमी?"

आता काय सांगाव? खरं सांगू? आलं होतं जानरावच्या मनात. एकदा. फ्राक कापताना आलं होतं, अन् त्याची त्याले इतकी लाज वाटली का त्या दिवशी तो जेवला नाही. रडत म्हने, "चुकलो, बाई. पोट्टी वाढन, एवढंच दिसत होतं मले."

लिलाबाईनं घडीवर बोट फिरवलं. मंग म्हने, "वाढन ना. मंग टीप उसवाले तुमच्याकडंच आनीन तिले."

अन् आनते! बोलल्यावानी वागली ना बाई! उन्हाळा लागला का मायलेकी केनवडवरून हाजीर, पंधरा पंधरा दिवस मुक्काम. लिलाबाई भागिरथाच्या भाजीत मीठ कमी म्हनून खोड काढते, जानरावले "तंबाखू सोड, दादा" म्हनून दटावते. दोन घड्या उसवल्या, तिसरी बाकी आहे, अन् पुंजाजी म्हनते, "हे कोन्या दुकानची सायकल म्हनाव, वापस देली तरी दर उन्हाळ्यात दारातच उभी!"

शेवटी जानरावनं सरकारच्या बाईंले कार्ड टाकलंच. म्या सोता लिहून देलं. "बाई, सहा महिन्यांसाठी लेकरू ठेवलं होतं. ते तर वापस देलं, पन त्याच्यापायी एक बहीन जन्मभराची गळ्यात पडली. आता हे अडचन म्हनाची का मदत... ते तुमीच कळवा."